‘बाइना’ म्हणजे शेंग, म्यान की भानगड? कोलंबियन टीमच्या कॉलवर काय ऐकायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यातून एका कोलंबियन क्लायंटच्या टीमसोबत काम करता, स्पॅनिश बी-वनपर्यंत (म्हणजे मधल्या पातळीपर्यंत) आलंय, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी चालू आहे, आणि कॉलवर सारखा ‘बाइना’ हा शब्द कानावर पडतो. डिक्शनरीत बघितलं तर ‘शेंग’ आणि ‘म्यान’. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ती शिवी आहे, जपून. आणि तुम्ही तीन वाक्यं दिलीत जी डोक्यावरून गेली: ‘ला बाइना एस के नो तेनेमोस आक्सेसो’, ‘दे बाइना नो से कायो एल सिस्तेमा’, आणि तुम्ही ताप आलाय म्हणून सांगितलं तेव्हा कोणीतरी म्हणालं ‘आय, के बाइना’. याचा नेमका अर्थ काय आणि मी हा शब्द वापरू का, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं स्पॅनिश-मराठी-इंग्रजी भाषांतर आणि दुभाषाचं काम करते, त्यात कोलंबिया-व्हेनेझुएलाकडचे क्लायंट भरपूर, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ आहे. तुमची खरी अडचण मला अशी दिसते की तुम्ही प्रत्येक वेळी ‘बाइना’चा अर्थ शोधताय. बोलण्यातल्या ‘बाइना’ला स्वतःचा असा अर्थ जवळपास नसतोच, तो एक रिकामा डबा आहे, आत काय आहे ते आजूबाजूचे शब्द सांगतात. त्याच्या आधी ‘दे’ आहे का, ‘उना’ आहे का, ‘के’ आहे का, क्रियापद कुठलं, आणि बोलणारा कुठल्या देशाचा, एवढं ऐकलं की दहातल्या नऊ वेळा काम होतं.

आधी उच्चार, कारण त्यामुळेही लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. लिहिताना सुरुवातीला व्ही आहे (vaina), पण स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी यांचा आवाज एकच, म्हणून कानाला ‘बाइना’. ऐकून बी टाकून शोधलंत तर काहीच सापडणार नाही. शब्द स्त्रीलिंगी आहे, एसा बाइना, ला बाइना, अनेकवचन बाइनास.

आता शब्दशः अर्थ. तो मेलेला नाही, चांगला जिवंत आहे, फक्त त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तलवारीचं म्यान, शेंगेचं टरफल किंवा अख्खी शेंग, आणि ज्ञानशाखांमध्ये कुठलंही वेढून असणारं आवरण, म्हणजे मेंदू-नसांवरच्या वाचनात ‘बाइना दे मिएलिना’ दिसलं तर ते मायलिनचं आवरण, वनस्पतीशास्त्रात पानाचा खोडाला गुंडाळलेला खालचा भाग. स्वयंपाकघरात तर गंमतच आहे. स्पेनच्या उत्तरेला बास्क भागात जेवायला गेलात आणि मेनूवर ‘बाइनास कोन पातातास’ दिसलं तर ती फरसबी-बटाट्याची भाजी. व्हेनेझुएला आणि पेरूमध्ये फरसबीला ‘बाइनितास’ म्हणतात, कोस्टा रिकात ‘बाइनिकास’. आणि कोलंबियात? तिथे फरसबी म्हणजे ‘आबिचुएला’. म्हणून तुमच्या टीममधलं कोणी बाइना म्हणालं तर भाजीची शंका घ्यायची गरज जवळजवळ नाहीच.

व्हॅनिला हा शब्दही इथूनच आलाय बरं का. ‘बाइनिया’ म्हणजे छोटी बाइना, छोटी शेंग, मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी त्या ऑर्किडची बारीक लांब शेंग बघितली आणि तेच नाव पडलं. हे मी नुसती माहिती म्हणून सांगत नाहीये. कोलंबियातल्या पोलिसांच्या कागदपत्रांत आणि बातम्यांत ‘बाइनियास’ येतं तेव्हा ती बंदुकीच्या गोळीची रिकामी पुंगळी असते, आणि मशीनने केलेल्या भाषांतरात मी ‘घटनास्थळी व्हॅनिला सापडली’ अशा अर्थाचं वाक्य बघितलंय. कायदेशीर कागद असेल तर अशा एका शब्दाने पुराव्याची वाट लागते, म्हणून भाषांतराचं काम करणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा.

शिवीचं काय, ते आता सांगते. लॅटिनमध्ये ‘वागीना’ म्हणजे तलवारीचं म्यान. लोकांच्या तोंडी शतकानुशतकं घासत घासत त्याचं स्पॅनिशमध्ये ‘बाइना’ झालं. शरीरशास्त्रातला शब्द वैद्यकीय लॅटिनमधून नंतर वेगळा आला, पुस्तकी रूपात, जसाच्या तसा. मूळ एक, पण वाटा वेगळ्या. कोणीतरी ते मूळ वाचतं आणि ठरवतं की बाइना म्हणजे घाण शब्द. तसं नाहीये. बाइना म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात शरीराचा अवयव अजिबात नसतो. पण (आणि हा पण महत्त्वाचा आहे) म्हणून तो सगळीकडे चालतो असंही नाही. शब्द अश्लील नसतो तरी रांगडा असू शकतो, आणि बाइना तसा आहे. घरात, मित्रांत, टीममध्ये चालतो. क्लायंटच्या डायरेक्टरसमोर, मेलमध्ये, सरकारी ऑफिसात नाही. तुमच्या सहकाऱ्याने जपून म्हटलं ते बरोबर, कारण मात्र चुकीचं दिलं.

आता तुमची वाक्यं.

‘ला बाइना एस के नो तेनेमोस आक्सेसो.’ इथे ‘ला बाइना एस के’ हा सगळा तुकडा एकत्र ऐकायचा, तोडायचा नाही. ‘गोची अशी आहे की’, ‘मुद्दा असा की’. म्हणजे: गोची अशी की आपल्याकडे ॲक्सेसच नाही. पुस्तकात तुम्ही ‘लो के पासा एस के’ शिकला असाल, काम तेच, फक्त हे बोलीतलं. आणि मिटिंगमध्ये हा तुकडा ऐकू आला की पेन हातात घ्या, कारण याच्यानंतर जवळपास नेहमी खरी अडचण सांगितली जाते. आधीची दोन मिनिटं नमस्कार-चमत्कार आणि प्रस्तावना असते, ‘ला बाइना एस के’ नंतर मूळ विषय.

‘दे बाइना नो से कायो एल सिस्तेमा.’ यात तुम्ही गोंधळलात ते साहजिक आहे, तुम्हाला वाटलं ‘बाइनामुळे सिस्टिम पडली नाही’. ‘दे बाइना’ म्हणजे थोडक्यात, नशिबाने, जेमतेम. सिस्टिम पडता पडता वाचली. इथे एक फार उपयोगी गोष्ट लक्षात ठेवा: ‘दे बाइना’ बाजूला काढा आणि उरलेलं वाक्य वाचा, जे घडलं ते तेच सांगतं. ‘नो से कायो’, पडली नाही, बरोबर, पडली नाहीच. ‘दे बाइना येगे आ त्येम्पो’, मी वेळेवर पोचलो, हो, पोचलो, फक्त कसाबसा. हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्ही क्लासमध्ये ‘पोर पोको’ शिकला असणार आणि ते बरोबर उलटं चालतं: ‘पोर पोको मे काइगो’ म्हणजे पडलोच असतो, म्हणजे पडलो नाही, तिथे ‘नाही’ शब्द नसून अर्थ नाही असा निघतो. दोन्हींची सरमिसळ झाली की सर्व्हर डाऊन होता की नव्हता याचा रिपोर्टच उलटा जातो.

आणखी एक. ‘दे बाइना’ हा प्रयोग व्हेनेझुएलात फार जास्त आहे. तुमची टीम कोलंबियात आहे म्हणून सगळे कोलंबियनच असतील असं धरू नका, आज कोलंबियात 20 लाखांहून जास्त व्हेनेझुएलन लोक राहतात, आयटी आणि कॉल सेंटरमध्येही आहेत. हे वाक्य बोलणारी व्यक्ती बहुधा मूळची तिकडची असेल. नक्की सांगता येणार नाही, पण तिच्या बोलण्यात अजून काही वेगळं वाटत असेल तर ही एक दिशा. तिच्याकडून ‘नी दे बाइना’ पण ऐकाल. ते ‘अजिबात नाही’, ‘शक्यच नाही’. ‘शुक्रवारी डिप्लॉय करूया का?’, ‘नी दे बाइना!’ म्हणजे नावच काढू नका.

तिसरं, ‘आय, के बाइना’. तुम्हाला ताप आला म्हणून सांगितलं आणि हे उत्तर आलं, आणि तुम्हाला वाटलं वैतागले. नाही हो, उलट आहे. ते ‘अरेरे, काय हो हे’ असं आहे, सहानुभूती आहे. कोलंबियात कोणाचं काही बिघडलं, आजारपण, चोरी, विमान चुकणं, अगदी कोणी गेलं तरी ‘के बाइना’ म्हणतात, आवाज खाली आणि लांब ओढलेला. तेच जर झटक्यात, जोरात म्हटलं, ‘के बाइना!’, तर तो वैताग, ‘काय कटकट आहे!’. लेखी चॅटमध्ये सूर कळत नाही तेव्हा बघायचं की नुकसान कोणाचं झालंय. तुमचं असेल तर ते तुमच्या बाजूने बोलताहेत, त्यांचं असेल तर ते वैतागलेत.

इथेच एक जोडी सांगते जी कोलंबियन लोकांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी. ‘के पेना कोन उस्तेद’ म्हणजे माफ करा हो, मला फार संकोच वाटतोय, तुम्हाला त्रास दिला. हे ते लोक दिवसभर म्हणतात. आणि ‘के बाइना कोन उस्तेद’ म्हणजे काय वैताग आहे तुमचा! एका शब्दाचा फरक, आणि माफी मागायच्या ऐवजी तुम्ही समोरच्याला झापून मोकळ्या. उस्तेद म्हणजे ‘तुम्ही’ वापरलं म्हणून आदरार्थी झालं असं समजू नका, बोगोताकडे जवळच्या मित्राशी आणि भांडतानाही उस्तेदच बोलतात.

उरलेले प्रकार पटकन सांगते. सगळ्यात साधा म्हणजे वस्तू. ‘पासामे एसा बाइना’, ते हे दे ना इकडे. ‘एसा बाइना नो सिर्बे’, ते काही कामाचं नाही किंवा चालत नाहीये. मराठीत आपण नाव आठवलं नाही की ‘ते हे’ म्हणतो तसं. पण परिस्थितीबद्दल असेल, ‘ला बाइना एस्ता कोम्प्लिकादा’, तर मराठीत ‘ते हे’ चालणार नाही, तिथे ‘प्रकरण’ किंवा ‘भानगड’, प्रकरण जरा गुंतागुंतीचं झालंय. आणि चांगल्या गोष्टीलाही बाइना म्हणतात, ‘के बाइना तान ब्वेना’, काय भारी प्रकार आहे! म्हणून बाइना ऐकलं की तक्रारच आहे असं धरून चालू नका, नंतर येणारं विशेषण ऐका.

यापेक्षा जरा खोल पाणी म्हणजे ‘एचार’ (टाकणे) हे क्रियापद, आणि इथे ‘उना’ आहे की नाही यावर सगळं ठरतं. ‘एस्तामोस एचांदो बाइना’, आम्ही गंमत करतोय, टवाळक्या चालल्यात, काही गंभीर नाही. पण ‘मे एचारोन उना बाइना’, माझ्याशी दगाबाजी केली, मला अडचणीत आणलं. पहिल्यात नाम नुसतं आलंय, म्हणून ते एक कृती झालं, दुसऱ्यात ‘एक’ लागल्याबरोबर ती ठोस गोष्ट झाली जी कोणीतरी तुमच्यावर टाकली. स्पॅनिशमध्ये आर्टिकल (‘उना’, ‘ला’ असे नामाआधीचे छोटे शब्द) असणं-नसणं इतकं महत्त्वाचं असतं हे क्लासमध्ये सांगतात पण पटत नाही, मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपला कान ते गाळून टाकतो. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना सांगते की बाइना ऐकलं की त्याच्या आधीचा एक शब्द मोठ्याने परत म्हणा. के, दे, नी दे, उना, एसा, ला, किंवा काहीच नाही. बास. अर्थ तिथेच असतो.

‘एस्तोय एम्बाइनादो’ पण येईल कधीतरी, कोलंबियात ते म्हणजे ‘अडकलोय, लोच्यात आहे’. हाच शब्द स्पेनमध्ये भलतीकडे जातो. तिथे ‘से ला एम्बाइनो’ म्हणजे त्याने माघार घेतली, बोललेलं गिळलं, आणि यासाठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे, तलवार म्यान केली. पेपरात दोन पुढाऱ्यांचं जमलं की ‘तलवारी म्यान’ असा मथळा येतो ना, अगदी तेच चित्र. स्पेनमध्ये ‘उन बाइना’ असं पुल्लिंगी करून माणसाला पण म्हणतात, फालतू माणूस, ते मात्र अपमानाचं आहे.

आता देशांचं बघू, कारण ‘वापरू का’ याचं अर्धं उत्तर तिथे आहे. बोलीतला बाइना हा मुख्यतः कॅरिबियन समुद्राभोवतीचा शब्द: व्हेनेझुएला, कोलंबिया, पनामा, डोमिनिकन रिपब्लिक. डोमिनिकन लोकांच्या तर तोंडात दर वाक्याला असतो. कोलंबियात देशभर चालतो, पण बारांकिया-कार्ताहेनाच्या किनारपट्टीवर जितका मोकळेपणाने तितका बोगोतातल्या वयस्कर, जुन्या वळणाच्या माणसांसमोर नाही. मेक्सिको आणि अर्जेंटिनात लोकांना कळतो, गाण्या-मालिकांमुळे, पण ते स्वतः म्हणत नाहीत, तिथे तुम्ही म्हणालात तर तुम्ही कॅरिबियन नक्कल करताय असं वाटेल. स्पेनमध्ये आधी शेंगच समजतील.

ही देशवार माहिती स्वतः तपासायची असेल तर नुसत्या साध्या डिक्शनरीवर थांबू नका. स्पॅनिश अकादमीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिच्यात शेंग-म्यानापासून त्रास-कटकटीपर्यंतचे अर्थ आहेत. पण खरा खजिना म्हणजे सगळ्या देशांच्या अकादमींनी मिळून 2010 मध्ये काढलेला ‘दिक्सियोनारियो दे आमेरिकानिस्मोस’, तोही ऑनलाइन आहे, आणि त्यात प्रत्येक अर्थापुढे देशाची छोटी खूण असते, सीओ म्हणजे कोलंबिया, व्हीई म्हणजे व्हेनेझुएला, आरडी म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक. अर्थ वाचायच्या आधी ती खूण वाचायची सवय लावा. बाइनाच नाही, लॅटिन अमेरिकेतल्या असंख्य शब्दांचा प्रश्न त्याने सुटेल.

कामाच्या दृष्टीने एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. कॉलवर ‘एसा बाइना’ हे सगळ्यात धोक्याचं, कारण समोरासमोर असतो तेव्हा माणूस बोट दाखवतो, ऑडिओ कॉलवर बोट दिसत नाही. ‘इया मांदे एसा बाइना’, ते पाठवलंय मी. काय पाठवलंय? इनव्हॉइस, लॉग फाइल, की अप्रूव्हलचा मेल? बोलणाऱ्याच्या डोक्यात ते स्पष्ट असतं, तुमच्या नाही. अंदाजाने पुढे जाऊ नका. ‘पेर्दोन, आ के से रेफिएरे?’ (माफ करा, कशाबद्दल म्हणताय?) म्हणून विचारा, सभ्य आहे, कोणालाही राग येत नाही, आणि तुम्हाला बाइना कळला नाही असंही दिसत नाही, कारण त्यांच्यातले लोकही एकमेकांना हे विचारतात. आणि मिनिट्स लिहिताना बाइनाचं भाषांतर करायचंच नाही, तिथे खऱ्या वस्तूचं नाव घालायचं. ‘त्यांनी ती गोष्ट पाठवली’ असं लिहिलेलं मिनिट वाचणाऱ्याच्या काही उपयोगाचं नसतं.

मग वापरायचा का? माझं मत असं, आणि हे तुमच्या टीमवर अवलंबून आहे हे आधीच सांगते. समजायला सगळं समजलं पाहिजे, बोलायला सुरुवातीला काही नको. तुमच्याच बरोबरीचे लोक तुमच्याशी थेट बोलताना (आपसात नाही, तुमच्याशी) बाइना म्हणायला लागले, की ‘ला बाइना एस के’ वापरून बघा, तो सगळ्यात निरुपद्रवी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर ‘के बाइना’ मात्र तुम्ही लगेच म्हणू नका, सूर जरा चुकला तर सहानुभूतीचा वैताग होतो, त्यापेक्षा ‘के पेसार’ किंवा ‘लो सिएंतो मुचो’ म्हणा, दोन्हींचा अर्थ ‘फार वाईट वाटलं’. ‘एचार’ वाली वाक्यं तर नुसती ऐका. तुमच्यापेक्षा वरच्या पदावरचा माणूस तुमच्याशी बाइना बोलला तरी तुम्ही ‘आसुंतो’ (प्रकरण) किंवा ‘तेमा’ (विषय) वापरा, त्यात कमीपणा काही नाही, उलट तुमचं स्पॅनिश नीट वाटतं.

डेलेबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय म्हणून: बी-वनच्या तोंडी परीक्षेत तुम्ही हा शब्द नाही वापरला तर कोणी मार्क कापणार नाही, तिथे ‘कोसा’ (वस्तू, गोष्ट), ‘आसुंतो’, ‘प्रोब्लेमा’ यांनीच काम चालवा. ऐकण्याच्या पेपरचे तुकडे वेगवेगळ्या देशांच्या उच्चारात असतात, त्यामुळे एखादा कोलंबियन किंवा व्हेनेझुएलन आवाज येऊ शकतो. तुम्ही रोजच ते ऐकताय, तेव्हा क्लासमधल्या फक्त स्पेनच्या ऑडिओवर तयारी करणाऱ्यांपेक्षा तुमचा कान पुढे आहे. त्या तीन वाक्यांसारखी अजून अडली तर आधीचा आणि नंतरचा एकेक शब्द सोडून न देता पूर्ण वाक्य टाका, आणि बोलणारा कुठला ते माहीत असेल तर तेही लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.